कॉलेजच्या वार्षिकांकात भाषावार पानं वाटावीत का?

साखरपेठकर
सोलापुरात वार्षिकांक म्हटला की मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कॉलेज बघून कन्नड, उर्दू, तेलुगू. पानं आधी वाटतात, मजकूर नंतर शोधतात. माझा विरोध याला आहे. 96 पानांचा अंक धरा. मनोगतं, अहवाल, फोटो यांत 24 गेली. उरलेल्या 72 चे सहा भाषांत बारा-बारा तुकडे केले की चांगली मराठी कथा जागेअभावी मागे राहते आणि दुसरीकडे बारा पानं भरायला सुविचार, कोडी, मोबाइलवरून उचललेल्या कविता येतात. सोलापूरचा 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ची चार हुतात्म्यांची फाशी हा दीड पानी निबंध तर एकच असतो, तीन भाषांत. पानं मजकुराला द्या, भाषेला नको. आणि शेवटचा शब्द विद्यार्थी संपादकाचा.

पूर्वभाग
म्हणजे ज्याला तेलुगू वाचता येत नाही त्याचा शेवटचा शब्द, असंच की ओ? गुणवत्तेवर निवडणार, पण निवडणार कोण? संपादक मंडळातल्या सहांपैकी पाच जण फक्त देवनागरी वाचणारे असले तर गझल आल्यावर काफिया, म्हणजे यमक, तपासणार की अक्षर छान म्हणून घेणार? भाषेचा वाटा बंद केला की पहिल्या वर्षी पानं घटतात, दुसऱ्या वर्षी मुलं लेखन देत नाहीत, तिसऱ्या वर्षी “मजकूरच येत नाही” म्हणून विभाग बंद. समान वाटणी चूक, मान्य. प्रत्येक भाषेला किमान आठ पानं मात्र राखीव हवीत.

कंपोझिटर
आठ हा आकडा छपाईलाही सोयीचा. क्राउन पाव आकारात फॉर्म, म्हणजे एकत्र छापायचा मोठा कागद, सोळा पानांचा: आठ पुढे, आठ मागे. आठ पानांचा अर्धा फॉर्म एकाच प्लेटवर बसतो. कागद उलटून त्याच प्लेटने मागची बाजू छापायची आणि मधून कापायचा, दोन प्रतींचा माल निघतो. बारा पानं म्हटली की उरलेल्या चारांसाठी दुसऱ्या भाषेचा फॉर्म अडकून बसतो. तिचं प्रूफ उशिरा आलं की दोन्ही विभाग थांबले.

उर्दूचं गणित आणखी वेगळं. ती उजवीकडून वाचतात, म्हणून विभाग अंकाच्या शेवटून सुरू होतो: 96 वं पान हे उर्दूचं पहिलं, 95 वं दुसरं. पानं लावणाऱ्याला हे कागदावर लिहून दिलं नाही तर तो सरळ क्रमाने लावतो आणि छापलेला फॉर्म रद्दीत जातो. नस्तालिकला, म्हणजे उर्दूच्या तिरक्या लेखनशैलीला, ओळींमधलं अंतरही देवनागरीपेक्षा बरंच जास्त लागतं. अंतराचे तेच पॉइंट ठेवले तर नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, वरच्या ओळीत घुसतात, म्हणून पानाचा मजकूरही कमी धरायचा. उर्दू, कन्नड, तेलुगूची पानं त्या भाषेच्या माणसाकडून पक्की करून फॉन्टसकट पीडीएफच द्या. लिपी न येणाऱ्याने फाइल उघडून एक ओळ सरकवली तरी कुठे काय तुटलं ते त्याला दिसत नाही.

होटगीरोड
एवढा खटाटोप कशाला? घरी तेलुगू बोलणारी पण मराठी माध्यमात शिकलेली पुष्कळ मुलं ती लिपी वाचत नाहीत. तेलुगू-कन्नड देवनागरीत छापा. वाचक वाढतील आणि मंडळालाही निदान उच्चारता येईल.

पूर्वभाग
उच्चारता येईल हेच चूक. या दोन्ही भाषांत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओचं ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ओचं ‘कोडु’ म्हणजे शिंग. तुमच्या देवनागरीत दोन्ही सारखेच. ऱ्हस्वाची खूण आहे, पण मराठी वाचकाला तिची सवय नाही. कवितेत मात्रा मोजायच्या तर कुठून मोजणार? लिपी मूळचीच ठेवा आणि खाली चार ओळींत मराठी अर्थ द्या.

साखरपेठकर
अर्थाची सूचना घेतो. तो लिहिणाऱ्याकडूनच घ्यावा; उचललेली कविता असली की अर्थ सांगताना जीभ अडखळते. कच्चा खर्डाही मागावा, खाडाखोडीसकट. पण राखीव पानांना माझा विरोध कायम. आठ पानांचं लेखन आलंच नाही तर?

पूर्वभाग
तर त्या पानांवर घरातल्या म्हणी, मागावरचे शब्द, आजीकडून उतरवून घेतलेली गाणी घ्या. जुलैत आवाहन लावा, तेही त्या-त्या लिपीत. मराठी सूचनाफलकावर “तेलुगू साहित्य पाठवा” लिहून डिसेंबरात वाट बघितली तर काय येणार?

कंपोझिटर
मराठीवाल्यांनीही खुशीत राहू नये. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर यूनिकोडमध्ये आणला की रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्य’ फुटतो, पहिली वेलांटी भलतीकडे बसते. निम्मी प्रूफं तिथेच खर्च होतात. कविता तर सलग परिच्छेद होऊन येते. कडव्यांमधली मोकळी ओळ मूळ प्रत शेजारी धरल्याशिवाय सापडत नाही. तीन प्रूफं धरा, त्यातलं एक लेखकाच्या सहीचं. ती सही नसेल तर प्लेट काढू नका, भाषा कुठलीही असो.

होटगीरोड
सही घ्यायला जानेवारीत मुलं सापडतात कुठे? अर्धी गड्ड्याच्या जत्रेत!