मुलीचं नाव ठरवायचंय: अक्षर 'डे', पसंतीची नावं तीन आणि घरभर मतं

रानजाई:
दुसरी मुलगी झाली आहे, बारसं येत्या रविवारी. जन्म पुण्यातला. आश्लेषा नक्षत्र, तिसरा चरण, म्हणून अक्षर 'डे' आलं. आम्हा दोघांच्या मनात सई, ज्ञानदा आणि ओवी ही नावं आहेत. सासूबाईंना अक्षरावरूनच नाव हवं आहे. नणंदबाई म्हणतात, कानात नाव आत्या सांगते, तेव्हा ठरवणारही तीच. दिरांनी कियारा सुचवलं, त्याचा संस्कृत अर्थही आहे म्हणे. आणि एका नातेवाइकांनी, दोन्ही मुलीच म्हणून, 'अंतिमा' ठेवा असं सांगितलं. त्यात रुग्णालयातून जन्मनोंदणीचा फॉर्म भरून मागत आहेत. रविवारपर्यंत ठरलंच पाहिजे का? आणि कोणाचं मत किती धरावं?

नोंदवही:
आधी फॉर्मचं. २१ दिवसांची मुदत आहे ती जन्म कळवण्याची, नावाची नाही. रुग्णालयात जन्म झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. नावाचा रकाना कोरा सोडता येतो. जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत, ती नोंद करणाऱ्या निबंधकाकडेच नाव कळवलं तर विलंब शुल्क पडत नाही, त्यानंतर पडतं. तेव्हा बारसं रविवारी होऊ दे, नावाची नोंद आठवडाभर थांबली तरी चालेल.

मात्र 'सध्या काहीतरी लिहू, मग बदलू' असं अजिबात करू नका. लिहिलेलं नाव हे नोंदलेलं नाव होतं. लेखनातली चूक दुरुस्त होते, पण मत बदललं म्हणून नाव बदलायचं तर राजपत्राची वाट धरावी लागते, आणि जन्मदाखला व इतर कागद जुळवत बसावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार या सगळ्यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळासाठी जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून त्यावरचं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, अक्षर न् अक्षर तपासूनच सही करा.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. म्हणजे तुमचं नाव लेकीच्या नावाला लागूनच येणार. चारही शब्द एका दमात मोठ्याने म्हणून बघा. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळीत संपूर्ण नावाला ३९ जागा असतात आणि शब्दांमधली अंतरंही त्यातच मोजली जातात. आई-वडिलांची नावं आणि आडनाव लांब असतील तर मुलीचं नाव आटोपशीर असलेलं बरं.

पंचांगी:
अक्षरासाठी सासूबाईंना दुखवायची गरज नाही. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी १०८ अक्षरं ठरलेली आहेत. आश्लेषाची डी, डू, डे, डो. हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ येतात. 'ण'वरून सुरू होणारं मुलीचं नाव कोण कुठून आणणार? म्हणून तर आपल्याकडे नावरस नाव, म्हणजे जन्माक्षरावरचं नाव, वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं ठेवायची रीत आहे. नामकरण संस्कारात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं असतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिताना गुरुजींना नाक्षत्रनाम 'डे'वरचं घ्यायला सांगा आणि व्यावहारिक नाम तुमच्या पसंतीचं. पत्रिकेतही नावरस नाव येतंच. सासूबाईंचा आग्रह त्यात पूर्ण पाळला जातो.

अक्षर स्वतः मात्र एकदा पडताळा. चंद्र एक चरण साधारण ६ तासांत ओलांडतो. जन्मवेळ चरणाच्या मधोमध असेल तर पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, सीमेजवळ असेल तर अक्षर बदलतं. पंचांग कोणतं वापरलं तेही विचारा. दाते आणि टिळक पंचांगांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्यात, सुमारे ४ अंशांचा फरक आहे आणि चरण असतो ३ अंश २० कलांचा. त्यामुळे एकाच बाळाला दोन पंचांगांत दोन वेगळी अक्षरं येतात. घरात कोणी 'माझ्या गुरुजींनी दुसरंच सांगितलं' म्हणालं तर चूक कोणाचीच नसते.

अनुस्वार:
तिन्ही नावं छान आहेत, अडचणी वेगवेगळ्या.

सई: इंग्रजीत एस-ए-आय लिहिलं तर महाराष्ट्राबाहेर सगळे 'साई' वाचतील आणि मुलगा समजतील. म्हणून बरेच जण शेवटी दोन ई लावतात. कोणतंही घ्या, पण जन्मदाखल्यापासून लसीकरणाच्या कार्डापर्यंत एकच ठेवा.

ज्ञानदा: अर्थ भक्कम, ज्ञान देणारी. पण 'ज्ञ'चा उच्चार आपण 'द्न्य' करतो, हिंदी बोलणारे 'ग्य'. डी-एन-वाय लिहिलं तर परप्रांतात अडखळणार, जी-वाय लिहिलं तर मराठी घरात खटकणार. पुढे शिक्षण-नोकरी बाहेर होणार असेल तर तिला हे जन्मभर समजावत बसावं लागेल. तुमची तयारी असेल तर जरूर ठेवा, नाव त्या तोलाचं आहे.

ओवी: इंग्रजीत तीन अक्षरं, वाचण्याचा एकच प्रकार. ओवीला, ओवीची, ओवीकडे, कुठेही मूळ नाव मोडत नाही. माझं मत याला.

कियारा संस्कृत नाही. इटालियन 'क्यारा'शी नातं सांगणारं नाव आहे. ते आवडलं म्हणून ठेवायला काहीच हरकत नाही, पण नावांच्या याद्यांमधले 'संस्कृत अर्थ' धरू नका. आपट्यांचा संस्कृत कोश, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे मराठी कोश शिकागो विद्यापीठाने जालावर शोधता येतील असे ठेवले आहेत. तिथे शब्द सापडला नाही तर सांगितलेल्या अर्थावर विसंबू नका.

उंबरठा:
मतांबद्दल. 'नाव कसं वाटतं?' असं विचारलं की प्रत्येकाला ओळखीतली त्या नावाची नावडती बाई आठवते. त्याऐवजी नेमकं विचारा. आजी-आजोबांना: उच्चार जमतोय का, घराण्यात हे नाव आधी कोणाचं होतं का? बाहेरगावच्या भावंडांना: इंग्रजी लिहिलेलं कसं वाचलं? शिक्षक असलेल्या कोणाला: वर्गात या नावाच्या किती मुली आहेत? या उत्तरांचा उपयोग होतो. बाकी आवडनिवड दोघांची.

नणंदबाईंचा मान कानात सांगण्याचा आहे, तो मनापासून द्या. नाव त्यांना आदल्या रात्रीच सांगा, पाळण्यापाशी नको. बारशाच्या गर्दीत कळलं तर त्यांना डावलल्यासारखं वाटेल. दोन नावांवर घोडं अडलं असेल तर ती दोन त्यांच्यापुढे ठेवून एक निवडायला सांगा. चार जणांसमोर सगळी यादी मांडू नका.

'अंतिमा'ला मात्र लगेच आणि स्पष्ट नाही म्हणा. मुलगी झाल्याची नाराजी तिच्याच नावात कोरायची नसते. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींची नावं बदलली ती याच कारणाने. त्यातल्या कित्येक तोवर शाळेत जात होत्या, रोज हजेरीला ते नाव ऐकत. ज्यांनी सुचवलं त्यांच्याशी तुमच्या यजमानांनीच बोलावं, तुम्ही नको.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. रकाना कोरा ठेवतोय. माझं नाव 'सा'वरून आहे, त्यामुळे लागून म्हटलं की 'सई सा…' अडखळतंय. आता ज्ञानदा आणि ओवी राहिली, ती दोन्ही नणंदबाईंपुढे ठेवते.

नोंदवही:
उत्तम. ठरलं की नाव कळवण्याच्या अर्जावर इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत स्वतः लिहून द्या. तोंडी सांगू नका, 'व'साठी व्ही की डब्ल्यू हे लिहून घेणाराच ठरवतो.