पुणे ते मालवण, मागच्या सीटवर दोन मुलं: ऐकायला काय लावायचं आणि कशावर?

दोन_कार्टी:
मे महिन्यात पुण्याहून मालवणला गाडीने जातोय. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, तळेरे, कणकवली असा रस्ता, थांबे धरून नऊ-दहा तास. मुलगी ४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. घाटात पडद्याकडे बघितलं की मुलाला उलटी होते, म्हणून मोबाईल-टॅब नको, फक्त ऐकायचं. मराठी हवंच, मुलाला इंग्रजीही चालेल.
गाडी २०१३ ची. स्टिरिओला यूएसबी आणि ऑक्स (फोन तारेने जोडायची खाच) आहे, ब्लूटूथ नाही. स्पीकर पुढच्या दोन दारांतच. मागे दोघांच्या मध्ये सासूबाई. सगळं मिळून बजेट १५०० रुपये. गाडीत नवीन काही बसवायचं नाही.

लालडबा:
पेनड्राइव्ह. ८ किंवा १६ जीबीचा पुरे, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर त्या काळातल्या बऱ्याच स्टिरिओंना फाइलच सापडत नाही. सगळं एमपी३ मध्ये ठेवा. नुसत्या बोलण्याला ६४ केबीपीएस मोनो पुरतं, तासाला २९ एमबीच्या आसपास जागा लागते.
घोळ होतो तो क्रमाचा. जुने स्टिरिओ नावाप्रमाणे नाही, ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने वाजवतात. सगळ्या फाइल एकदम ओढून टाकल्या की पाचवा भाग आधी आणि पहिला नंतर. ०१, ०२ अशी नावं देऊन एकेक करून त्याच क्रमाने टाका. नावं रोमन अक्षरांत द्या, देवनागरीचे तिथे चौकोन दिसतात. मुलीचं फोल्डर वेगळं, मुलाचं वेगळं.

घाटमाथा:
पेनड्राइव्हवर गाडी चालवताना गोष्ट शोधत बसणार का? ९ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घ्या आणि मागच्या दारांत स्पीकर टाका. सगळं मिळून १२-१५ हजार जातील, पण फेडर (आवाज पुढे-मागे वाटायची सोय) मागे ढकलला की पुढे शांतता, मागे गोष्ट. आमच्या गाडीत आहे, पैसा वसूल.
शिवाय करूळने कशाला जाताय? राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरा, थेट कणकवलीजवळ निघता.

दोन_कार्टी:
बजेट १५०० आहे हो.

अटलांटाकर:
इकडे मुलांच्या गाडीत योटो मिनी असतो, गोष्टी ऐकवणारा छोटा डबा. कार्ड खाचेत घातलं की गोष्ट सुरू, पडदा नावापुरता. ४ वर्षांचं मूल स्वतः चालवतं, तो आत्मविश्वास फार मोलाचा. रिकामं कार्ड घेऊन त्यावर आपलं रेकॉर्डिंग टाकता येतं, म्हणजे मराठीचा प्रश्न मिटला. टोनीबॉक्स हा तसाच, पण बाहुल्यांवर चालणारा डबा; त्याच्या रिकाम्या बाहुलीवर ९० मिनिटं मावतात, त्यापेक्षा योटोच्या कार्डावर बरंच जास्त. कोणी येणार असेल तर मागवून घ्या, किंमत बघू नका.
मुलासाठी इंग्रजीत 'ब्रेन्स ऑन' हा पॉडकास्ट लावा. विज्ञानाचा आहे आणि भागात मध्येच एक गूढ आवाज ऐकवून ओळखायला सांगतात, गाडीत सगळ्यांचा खेळ होतो. 'बट व्हाय' व्हरमाँटच्या सार्वजनिक रेडिओचा, प्रश्न मुलांचेच असतात. बोस्टनच्या डब्ल्यूबीयूआरचा 'सर्कल राउंड' म्हणजे देशोदेशीच्या लोककथा, पूर्ण नाट्यरूपात. तो मुलीलाही चालेल, तुम्ही मध्ये मध्ये सांगत राहिलात तर.

सांजवात:
हे सगळं घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्या. गगनबावड्याच्या पुढे नेटवर्कवर विसंबू नका. गुगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं, त्यातल्या याद्या गेल्या, राग अजून गेलेला नाही. अँड्रॉइडवर 'अँटेनापॉड' हे पॉडकास्टचं अ‍ॅप घ्या. फुकट, मुक्तस्रोत, जाहिरात नाही. भाग उतरला की शेअरमध्ये 'फाइल' निवडून बाहेर काढता येतो, म्हणजे लालडबांच्या पेनड्राइव्हवरही जातो. स्पॉटिफायवर पैसे न भरताही पॉडकास्ट डाउनलोड होतात, पण ते अ‍ॅपच्या बाहेर निघत नाहीत.
उतरलंय का याची खात्री एकाच प्रकारे होते: फोन विमान मोडवर टाका आणि प्रत्येक भाग मधूनच वाजवून बघा. नुसती हिरवी खूण बघून निघू नका.
छोटीसाठी 'बालगाथा' हा पॉडकास्ट शोधा. पंचतंत्र, जातक, छोट्या छोट्या गोष्टी. हिंदीही आहे, इंग्रजीही. मराठीत मुलांचं ऐकायला हवं तेवढं नाही ही खंत आहेच. स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या अ‍ॅपवर मराठी बालविभाग आहे, पण तिथे वर्गणी.

पेट्रोलपंप_चहा:
एफएम ट्रान्समीटर घ्या, ५००-६०० ला मिळतो. लायटरच्या खोबणीत घाला, फोन ब्लूटूथने जोडा, रेडिओवर ऐका. झालं.

लालडबा:
ऑक्स असताना ट्रान्समीटर कशाला? रस्त्यात प्रत्येक शहराची स्टेशनं वेगळी. पुण्यात मोकळी असलेली जागा कोल्हापुरात भरलेली निघते आणि ऐन गोष्टीत जाहिरात घुसते. घ्यायचाच तर ८७.७ सारख्या टोकाला लावा. ऑक्सचीही एक खोड आहे: फोन गाडीच्याच चार्जरवर लावून ऑक्सने जोडला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येते. चार्जर काढा, नाहीतर तारेच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, दीड-दोनशेला मिळतो.

टेपरेकॉर्डर:
अ‍ॅपं, डबे सगळं ठीक आहे, पण मराठी हवंय आणि आजी गाडीतच बसणार आहेत, तर आजींच्याच आवाजात रेकॉर्ड करा ना. नऊ तास त्यांना बोलायला लावू नका, निघायच्या आधीच्या आठवड्यात करा. मजकूर हवा असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. शेकडो मराठी गोष्टी, वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या, मुक्त परवान्याच्या. मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला हरकत नाही, लेखकाचं नाव मात्र सुरुवातीला घ्या.

कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्या समोर बसा, घुमणारा आवाज कपडे खातात. पंखा बंद, फ्रिजच्या खोलीत नको. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, सरळ समोर धरला की प, फ, भ फुटतात. फोनमधलं रेकॉर्डर अ‍ॅप वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवून गोळा केलंत तर ती ओपस फाइल असते आणि गाडीचा स्टिरिओ ती वाजवत नाही.

मग ऑडॅसिटीत (संगणकावर आवाज संपादित करायचं सॉफ्टवेअर) घ्या. आधी कॉम्प्रेसर, मग लाउडनेस नॉर्मलायझेशन (सगळ्या गोष्टी एकाच आवाजपातळीला आणणं), मोनोसाठी उणे १९ एलयूएफएस. हे टाळू नका. घरात छान ऐकू येणारी गोष्ट गाडीत बुडते, कारण आजी राक्षसाला ओरडायला लावतात आणि राजकन्येला कुजबुजायला. टायरचा आवाज ती कुजबुज गिळतो, मग कोणी आवाज वाढवतं, आणि पुढच्याच वाक्याला राक्षस कानठळ्या बसवतो. कॉम्प्रेसरने दोघं जवळ येतात. शेवटी एमपी३, ६४ केबीपीएस, मोनो.
४ वर्षांच्या मुलीला एक गोष्ट ८ ते १० मिनिटांची, त्यापुढे ती सीटवर वळवळणार. ९ वर्षांच्याला २०-२५ मिनिटं चालतात. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ५ सेकंद शांतता ठेवा, प्रश्न विचारायला.

आजीचा_बटवा:
इतकी यंत्रं कशाला? गावांच्या नावांच्या भेंड्या खेळा. मैलाच्या दगडावरचे आकडे मुलाकडून वाचून घ्या, कोल्हापूर किती राहिलं ते त्याने सांगायचं. घाटात तर सगळं बंद करावं. आलेपाक तोंडात, काच थोडी खाली, समोर बघायचं.

सांजवात:
घाटात बंद करायची गरज नाही. त्रास होतो तो डोळ्यांना एक दिसतं आणि कानाच्या आतल्या भागाला वळणं वेगळी जाणवतात म्हणून. ऐकताना डोळे मिटले किंवा लांब बघितलं तर उलट बरं वाटतं. फक्त गोष्ट ओळखीची, सावकाश चालीची लावा. वेग ०.९ ठेवलात तर छोटीलाही शब्द नीट कळतात. औषध द्यायचं तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

पेट्रोलपंप_चहा:
मुलाला मधल्या सीटवर बसवा, तिथून समोरचा रस्ता दिसतो. उलटी कमी होते.

लालडबा:
२०१३ च्या बऱ्याच गाड्यांत मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असतो, ९ वर्षांच्या मुलाला तो नको. त्याला कडेलाच, तिरक्या पट्ट्यासह बसवा. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी प्रमाणे १००० रुपये दंड आहे. तो दंड महत्त्वाचा नाही, मुलं महत्त्वाची. ४ वर्षांच्या मुलीला चाइल्ड सीट हवीच, ती १५०० च्या हिशोबात धरू नका.

अटलांटाकर:
चाइल्ड सीटबद्दल पूर्ण अनुमोदन. इकडे त्याशिवाय गाडी हलत नाही.

घाटमाथा:
दोघांना हेडफोन आणि एका खाचेत दोन्ही जोडणारा स्प्लिटर, भांडण मिटलं. आणि रस्त्याचं म्हणाल तर आंबोलीचाही विचार करा, चहा-भजी छान मिळतात.

कुडाळचो:
मालवणाक जावचा आसा तर आंबोली कित्याक? सावंतवाडीक उतरान परत कुडाळाक वर येवचा लागता. करूळ नायतर फोंडा. फक्त निघायच्या आधी करूळ चालू आसा काय ता इचारून घेवा, घाटात कामा निघतत.

सांजवात:
अवांतर थांबवून हेडफोनबद्दल. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. दुकानात 'मुलांसाठी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच हेडफोनवर ८५ लिहिलेलं असतं. गाडीच्या आवाजावर मात करायला मुलं तो शेवटपर्यंत वाढवतात. साध्या स्प्लिटरवर दोघांना एकच आवाज मिळतो, वेगळा कमी-जास्त होत नाही. शिवाय हेडफोन घातलेल्या मुलाला 'पोटात कसंतरी होतंय का' हे विचारलेलं ऐकूच जात नाही.

टेपरेकॉर्डर:
पेनड्राइव्ह आणि आजी. पुन्हा सांगतो, कॉम्प्रेसर विसरू नका.

दोन_कार्टी:
सगळ्यांचे मनापासून आभार. चाइल्ड सीट आहे, मुलगा कडेलाच बसेल.
दोघा-तिघांनी पेनड्राइव्ह सांगितला, पण तो घेत नाही. स्पीकर पुढच्या दारांतच असल्याने मागे ऐकू जाईल एवढा आवाज केला की चालवणाऱ्याच्या कानाशी राक्षस ओरडणार आणि नकाशाचं 'उजवीकडे वळा' बुडणार. पेनड्राइव्ह बदलायला दर वेळी पुढे हातही घालावा लागेल. म्हणून मेमरी कार्डाची खाच असलेला, खरी बटणं असलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर घेतेय, ८०० ते ९०० पर्यंत. कार्ड साधारण ३००. ब्लूटूथ बंद, कार्डावरूनच वाजवायचा. 'पुढची गोष्ट'चं बटण सासूबाईंच्या हातात. रेकॉर्डिंग त्यांच्याच आवाजात, त्या तयार झाल्या आहेत. मुलासाठी 'ब्रेन्स ऑन'चे आठ-दहा भाग. करूळच, चालू असेल तर.

अटलांटाकर:
योटोचा आवाज याहून कितीतरी स्वच्छ असतो, एवढंच सांगतो.

लालडबा:
घ्या मग, पण स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की तो पुढे उडतो. पुढच्या सीटच्या पाठीवरच्या खिशात ठेवा, जाळी मुलांकडे. लहान स्पीकरला खर्ज पेलत नाही, त्यामुळे ऑडॅसिटीत १०० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापा, बोलणं स्पष्ट होईल.
कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं घेऊ नका. ६४ चं कार्ड दुकानातून एक्सफॅट होऊन येतं आणि स्वस्त स्पीकर ते वाचत नाहीत. वर सांगितलेली क्रमाची काळजी इथेही लागू. बहुतेक अशा स्पीकरांना फोल्डर निवडायची सोय नसते, तेव्हा दोन छोटी कार्डं करा, एक मुलीचं, एक मुलाचं, आणि प्रत्येकावर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.