सीबॅटला रट्टा चालत नाही

रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट (सहायक इंजिनचालक) भरतीची सीबीटी-२, म्हणजे संगणकावरची दुसरी परीक्षा झाली; आता सीबॅटसाठी, म्हणजे संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीसाठी, कोणता ठोकळा (जाडजूड गाईड) घ्यायचा, असं एकाने विचारलंय. माझं मत: ठोकळा बाजूला ठेवा.

भरतीच्या या शेवटच्या चाचणीत पाच भाग असतात: स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि आकलनाचा वेग. प्रत्येकात किमान ४२ टी-स्कोअर (प्रमाणित गुण) हवाच, राखीव प्रवर्गालाही सूट नाही. चार भागांत कितीही चमकलात आणि पाचव्यात घसरलात, की खेळ खल्लास. निगेटिव्ह मार्किंग मात्र नाही.

खोलीच्या अंदाजात विटांची रास दाखवतात. एका विटेला किती विटा चिकटल्यात ते मोजायचं. मागे दडलेली वीट हमखास सुटते. मी घरातल्या काडेपेट्या रचून सराव केला होता, आई वैतागायची! संगणकासमोर घड्याळ लावून बसा, मोबाईलवर नको. प्रश्न मराठीत नसतात, हिंदी किंवा इंग्रजीच. त्यामुळे 'सूचनांचं पालन' या भागातल्या सूचना त्या भाषेत वाचायची सवय आधीच करा.

आणि डोळे! या पदाला लागणाऱ्या ए-१ वैद्यकीय श्रेणीला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६ लागतं, रंगदृष्टीही तपासतात. लेसिक (चष्मा घालवायची लेसर शस्त्रक्रिया) केलेला उमेदवार बाद. आमच्या बॅचमधला एकजण सगळं पार करून इथेच अडकला. ठरलेल्या नमुन्यातलं दृष्टी प्रमाणपत्र सीबॅटच्या दिवशीच दाखवावं लागतं, तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे आजच जा.