मदत हवी आहे : अँटायोपीची घनता इतकी जास्त का येते?

आकडेमोड :
९० अँटायोपी या जोडलघुग्रहाच्या दोन घटकांमधले अंतर १७१ किलोमीटर धरून केप्लरच्या तिसऱ्या नियमाने वस्तुमान काढले, तर घनता दर घन सेंटिमीटरला ५ ग्रॅम येते, म्हणजे अपेक्षेच्या जवळपास चौपट. टिपण उद्याच द्यायचे असल्याने कृपया सूत्र समजावत बसू नये. चूक नेमकी कुठे आहे, तेवढेच सांगावे.

उल्का :
परिभ्रमणकाळ किती धरलात? घनफळ एकाचे की दोघांचे? आणि १७१ हे केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर आहे, हे गृहीत धरले आहे ना?

दुर्बीणवाला :
त्यापेक्षा डिडिमॉस हा जोडलघुग्रह घ्यावा. डार्ट यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच्याभोवती फिरणाऱ्या छोट्या डिमॉर्फसवर आदळले आणि त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. त्याचे सगळे आकडे आयते मिळतात.

उल्का :
प्रश्न अँटायोपीचा आहे. तिथे मोठ्याभोवती छोटा फिरत नाही, दोघे जवळपास सारखेच आहेत.

पाषाण :
मला आकाराचीच शंका येते. हे दोघे परस्परांच्या ओढीने किंचित लांबट झालेले असताना त्यांना गोल का मानायचे?

उल्का :
लांबटपणाने घनता थोडी हलेल, चौपट होणार नाही.

आकडेमोड :
अंतर केंद्रापासूनचेच आहे. व्यास प्रत्येकी ८६ किलोमीटर, घनफळ दोघांचे मिळून. काळ प्रकाशवक्रावरून, म्हणजे तेजाच्या चढउताराच्या आलेखावरून घेतला : तेज घटल्याच्या एका खळग्यापासून पुढच्या खळग्यापर्यंत ८ तास १५ मिनिटे.

उल्का :
हे आधीच सांगायला हवे होते. एका प्रदक्षिणेत ग्रहणे दोन होतात, एकदा पहिला दुसऱ्याला झाकतो आणि नंतर दुसरा पहिल्याला. घटक जुळ्यांसारखे असल्यामुळे दोन्ही खळगे सारखेच दिसतात. खरा काळ १६.५ तास आहे आणि काळाचा वर्ग छेदात असल्यामुळे तुमचे वस्तुमान चौपट झाले.

पाषाण :
म्हणजे घनता १.२५ च्या आसपास. थेमिस नावाच्या लघुग्रह-कुटुंबातल्या या काळ्या, कार्बनयुक्त लघुग्रहाच्या आत बरीच पोकळी असावी, हे मी म्हणणारच होतो.

दुर्बीणवाला :
डिडिमॉस घेतला असता तर एवढी चर्चा लागलीच नसती.

आकडेमोड :
१.२६ आली. आता दोघांचे वस्तुमान वेगवेगळे कसे काढायचे?

उल्का :
केप्लरचा नियम फक्त बेरीज देतो. सामाईक वस्तुमानकेंद्रापासून प्रत्येकाचे अंतर मोजता आले, तरच वाटणी करता येईल.