सोलापूरचं लायसन्स ऑन्टारिओत किती धरतात? जी-१, जी-२ बद्दल विचारायचंय

होटगीरोडकर
पुतण्याला गेल्या महिन्यात १८ पूर्ण झाली. आता जून चालू आहे, पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो शिकायला कॅनडात, ऑन्टारिओला जाणार. तिथं कारचं लायसन्स टप्प्याटप्प्यानं मिळतं म्हणे: आधी जी-१, मग जी-२, शेवटी पूर्ण जी. एक जण सांगतो, इथलं काढूच नका, तिथं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. दुसरा म्हणतो, आंतरराष्ट्रीय परमिट घेतलं की झालं काम. खरं काय? एमएच-१३ चं लायसन्स काढून उपयोग आहे का?

शेंगाचटणी (ब्रॅम्प्टन, ऑन्टारिओ)
दोघंही अर्धवट सांगताहेत. भारतातलं लायसन्स ऑन्टारिओत बदलून मिळत नाही, पण त्यावरचा अनुभव धरतात, आणि त्यानंच वर्ष वाचतं.

टप्पे असे. जी-१ साठी डोळ्यांची तपासणी आणि ४० प्रश्नांची लेखी परीक्षा असते. २० प्रश्न नियमांवर, २० चिन्हांवर, आणि दोन्हीकडे वेगवेगळे किमान १६ बरोबर लागतात. चिन्हांत २० पैकी २० आले म्हणून नियमांतले १४ चालत नाहीत. जी-१ वर एकट्यानं गाडी चालवता येत नाही. शेजारी किमान ४ वर्षं अनुभव असलेला पूर्ण लायसन्सवाला हवा, रात्री १२ ते पहाटे ५ गाडी बंद, ४०० मालिकेतल्या हायवेवर बंदी, आणि दारूचं प्रमाण शून्य. असे १२ महिने काढायचे. मान्यताप्राप्त कोर्स केला तर ८. मग जी-२ ची रस्त्यावरची परीक्षा. ती पास झालात की एकट्यानं चालवता येते. शेवटची जी ची परीक्षा, तिच्यात हायवे असतो.

लेखी परीक्षा कुणालाच चुकत नाही. पण मागच्या ३ वर्षांत कारच्या लायसन्सवर १२ महिने भरलेले असतील, तर जी-१ नंतर न थांबता जी-२ ची परीक्षा देता येते. २४ महिने असतील तर थेट जी ला बसता येतं. १२ पेक्षा जास्त महिन्यांचं श्रेय हवं असेल तर मूळ लायसन्सबरोबर दूतावासाचं किंवा लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं अधिकृत पत्र लागतं. त्याची तयारी भारतातूनच करा: सरकारच्या सारथी पोर्टलवरून लायसन्सचा उतारा काढून सोबत द्या.

आंतरराष्ट्रीय परमिटची फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. तो तुमच्या लायसन्सचा जोडकागद आहे, ऑन्टारिओचं लायसन्स नव्हे. ऑन्टारिओत राहायला आलेल्या माणसाला परदेशी लायसन्सवर फक्त ६० दिवस गाडी चालवता येते.

आठचा_आकडा
इथलं मी सांगतो. हिशेब लावून बघा की ओ: जूनमध्ये लर्निंग, ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा, म्हणजे जुलै. तिथून सप्टेंबरपर्यंत १४ महिने. ऑक्टोबरपर्यंत रेंगाळलात की १२ भरत नाहीत आणि सगळा खटाटोप वाया.

अर्ज भरायच्या आधी आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवा. आपल्याकडं पुष्कळांच्या आधारवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम उलटा, किंवा वडिलांचं नावच नाही. घरबसल्या लर्निंग काढलं की नाव आधारवरूनच उचललं जातं आणि तेच पक्क्यावर छापून येतं. परदेशातल्या खिडकीवर पासपोर्टशी जुळवताना हेच नडतं. म्हणून आधी आधार दुरुस्त करा, मगच लर्निंग.

अर्जात एलएमव्ही (हलकं मोटार वाहन, म्हणजे कारचा वर्ग) न विसरता टाका. नुसतं मोटारसायकलचं काढलं तर कारच्या हिशेबात त्याचा उपयोग शून्य. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगला प्रत्येक वर्गाचे १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पास. लर्निंगची मुदत ६ महिने. पक्क्याला चाचणीचे प्रत्येक वर्गाला ३०० आणि लायसन्सचे २००.

चाचणीला नेलेल्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू हवेत. त्यापायी माणसं परत पाठवली जातात, ड्रायव्हिंग कितीही बरं असो. लर्निंगवर असताना एल हे अक्षर पांढऱ्या पाटीवर लाल रंगात, पुढं-मागं दोन्हीकडं. पाटी १८ सेंमी चौरस, अक्षर किमान १० सेंमी उंच. वहीच्या कागदावर स्केचपेननं काढलेलं एल म्हणजे पाटी नव्हे. नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा, तीनदा झाल्यास ६० दिवस थांबायचं.

होटगीरोडकर
आभारी आहे. त्यानं १६ व्या वर्षी गिअर नसलेल्या गाडीचं काढलं होतं, ते धरतील का?

आठचा_आकडा
नाही. ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतं, कारशी संबंध नाही. आणि घरातली स्कूटी ५० सीसीच्या वरची असेल तर त्या लायसन्सवर ती चालवणंही बेकायदाच होतं.

उजवीकडून_चाला
कागदांचं झालं, पण पुतण्या नापास होणार तो इथल्या सवयींनी. तिथं गाडी उजवीकडून चालते, हे सगळ्यांना माहीत असतं. नडतं ते वेगळंच. स्टॉपच्या पाटीपाशी चाक पूर्ण थांबलं पाहिजे. सोलापुरात सात रस्ता चौकात आपण करतो तसं वेग कमी करून, दोन्हीकडं बघून पुढं सरकलं की परीक्षक लिहून घेतो. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी थांबला तो आधी जातो, दोघं एकदम थांबले तर उजवीकडच्याला आधी सोडायचं. लेन बदलताना नुसता आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यावरून बघायचं, आणि ते परीक्षकाला दिसलं पाहिजे. हॉर्न तर विसरूनच जा.

स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर दोन्ही दिशांच्या गाड्या थांबतात, मध्ये दुभाजक असेल तेवढीच सूट. मागून येणाऱ्यानं किमान २० मीटरवर थांबायचं. पहिल्याच चुकीला ४०० डॉलरच्या वर दंड आणि ६ डिमेरिट गुण (चुकीबद्दल लायसन्सवर चढणारे). हे लेखी परीक्षेतही हमखास येतं.

तिथं जी च्या परीक्षेआधी एक फॉर्म भरावा लागतो: मागच्या ३ महिन्यांत हायवेवर किती वेळा आणि किती लांब गाडी चालवली. आकडा कमी दिसला तर परीक्षाच घेत नाहीत. तेव्हा जी-२ मिळाल्यावर हायवेला जायचा सराव लगेच सुरू करायला सांगा.