मदत हवी आहे : हॉब्जच्या करारात शिक्षेचा अधिकार येतो कुठून?

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’च्या (1651) 17व्या प्रकरणात लोक आपसात करार करून सार्वभौम (सर्वोच्च शासक) नेमतात; 18व्यात तो सार्वभौम स्वतः करारात नसतो, म्हणून त्याच्याकडून करारभंग होऊच शकत नाही. इथवर ठीक. त्याच प्रकरणात त्याच्या प्रत्येक कृतीचे कर्ते (म्हणजे ती आपलीच मानून जबाबदार असणारे) प्रजाजनच. मग फाशीचेही? पण 14व्यात स्वसंरक्षण सोडण्याचा करार रद्दबातल, आणि 21व्यात फाशीची शिक्षा झालेल्यालाही प्रतिकाराची मुभा! 28व्यात तर शिक्षेचा अधिकार प्रजेने दिलेलाच नाही, निसर्गावस्थेतला (राज्य बनण्याआधीच्या स्थितीतला) सार्वभौमाकडे उरलेला आहे, असं येतं. मग 18 आणि 28 जुळवायचे कसे? ‘दुसऱ्याच्या शिक्षेला मदत करीन’ एवढंच वचन मानलं, तर शिक्षा भोगणारा स्वतःच्या शिक्षेचा कर्ता ठरत नाही, आणि निरंकुश सत्तेचा पायाच हलतो. मर्यादित सत्ता मानणाऱ्या जॉन लॉकचं उत्तर नको, हॉब्जच्याच चौकटीतलं हवंय.