मदत हवी आहे: एकाच व्यक्तीची केस स्टडी, मोजमाप कसं करावं?

हळकुंड (सांगली)
एम.ए. मानसशास्त्र भाग 2 चा प्रकल्प. केस: तासगावकडचे 45 वर्षांचे द्राक्षबागायतदार. आभाळ भरून आलं की झोप उडते, छाती धडधडते. चार मुलाखती झाल्यात, जीएडी-7 (चिंता मोजायची सात प्रश्नांची प्रश्नावली) एकदाच भरून घेतलंय. 'एका माणसावरून काय सिद्ध होतं?' हे तोंडी परीक्षेत विचारणारच. काय करू?

मोजपट्टी
एका स्कोअरवरून चढउतार कळत नाही. पण जीएडी-7 दर आठवड्याला नको. त्यातले प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात, आकडे एकमेकांवर चढतील. 15 दिवसांनी घ्या. रोजसाठी साधी वही: झोपेचे तास, धास्ती 0 ते 10, शेजारी त्या दिवशीचं आभाळ. रोजच्या रोज भरायची; रविवारी आठवड्याची एकदम भरली की सगळा अंदाजपंचे कारभार. समुपदेशन करणार असाल तर त्याआधी निदान पाच नोंदी हव्यात.
खरी गोम पुढे आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात धास्ती वाढणार, माल गेला की आपसूक उतरणार. फेब्रुवारीत स्कोअर 15 चा 6 झाला तर श्रेय समुपदेशनाचं की व्यापाऱ्याच्या गाडीचं?

पाटीपेन्सिल
तोंडीला एचएम या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची केस सांगा. 1953 साली अपस्मारासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला. नवीन काही लक्षात राहीना. तरी आरशात बघून चांदणी गिरवताना तीन दिवसांत चुका घटत गेल्या, आणि आदल्या दिवशी गिरवल्याचं आठवतही नव्हतं! 'स्मृती एकसंध असते' हे मोडायला तो एकटा पुरला. तालुक्यात किती जणांना हा त्रास आहे, हे मात्र एक केस सांगू शकत नाही. तसं वाक्य प्रकल्पात नको.
उलट उदाहरण फ्रॉइडची लिटल हान्स या लहान मुलाची केस, 1909. बहुतेक माहिती वडिलांनी कळवलेली, आणि वडील फ्रॉइडच्याच गोटातले. म्हणून चार रकाने आखा: ते काय म्हणाले, घरचे काय म्हणाले, तुम्ही काय पाहिलं, तुम्हाला काय वाटलं. चौथा पहिल्यात मिसळला की केस गेली.

पारावरचा
नाव बदलून भागत नाही. वय, गाव, बागेचं क्षेत्र एकत्र आलं की पारावर दहा मिनिटांत माणूस ओळखतात. गाव गाळा, वय 'चाळिशीतले' करा. पीक बदलताना जपून: ऊस लिहिलात तर ढगांची धास्ती पटणारच नाही, आटपाडीचं डाळिंब चालेल. संमतीपत्रात माघारीची मुभा लिहा. मुलाखतीत जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर प्रकल्प बाजूला ठेवा, गाईडना त्याच दिवशी कळवा, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 द्या.
आणि आधी वरचं तासगाव उडवा.

हळकुंड (सांगली)
संपादनाची मुदत संपलीय. संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.